वाचकांचे प्रश्न: डबा आधी, ओपनर मागाहून

प्रश्न: अन्नाचे हवाबंद डबे निघाले, तेव्हाच ते उघडायचं साधनही निघालं असेल ना?

उत्तर: निघायला हवं होतं. पण मध्ये तब्बल ४५ वर्षं गेली. पॅरिसचा मिठाईवाला निकोला आपेर याने अन्न काचेच्या बाटल्यांत भरून, बुचं घट्ट बसवून, बाटल्या उकळून टिकवायची युक्ती काढली. फ्रेंच सरकारने त्याला १२ हजार फ्रँक दिले, पण कृती छापून जगजाहीर करायच्या अटीवर. १८१० साली त्याचं पुस्तक आलं आणि त्याच वर्षी इंग्लंडमध्ये पीटर ड्युरँडने कथिलाचा मुलामा दिलेल्या लोखंडी डब्याचं पेटंट घेतलं. (अन्न जंतूंमुळे नासतं, हे पाश्चरने दाखवून द्यायला अजून पन्नासेक वर्षं होती. आपेरला कारण ठाऊक नव्हतं. गुण येतो, एवढंच ठाऊक होतं.)

हे डबे जाड पत्र्याचे, हाताने डाख दिलेले. १८२४ साली ब्रिटिश दर्यावर्दी पॅरीच्या आर्क्टिक मोहिमेबरोबर गेलेल्या डब्यावर चक्क सूचना होती: वरच्या कडेलगत छिन्नी-हातोडीने कापा. गिऱ्हाईक म्हणजे मुख्यतः आरमार आणि लष्कर. तिथे ना हत्यारांची वाण, ना दणकट मनगटांची. तक्रार करणार कोण? पुढे पत्रा पातळ झाला, डबे सामान्य घरांत जायला लागले, तेव्हा कुठे सोय सुचली. इंग्लंडमध्ये रॉबर्ट येट्सने १८५५ साली आणि अमेरिकेत एझ्रा वॉर्नरने १८५८ साली ओपनर काढले. वॉर्नरचा ओपनर मात्र असा धोकादायक होता, की दुकानदारच डबा उघडून गिऱ्हाइकाच्या हातात देत. कडेने चाक फिरवत कापणारा ओपनर विल्यम लायमनचा, १८७० सालचा.

प्रश्न: टायपिस्टचा वेग कमी व्हावा म्हणून इंग्रजी कळफलकावरची अक्षरं मुद्दाम विस्कटली, असं वाचलं. खरं आहे का?

उत्तर: हा प्रश्न पुन्हा पुन्हा येतो, आणि ही गोष्ट मला दरवेळी खटकते. अमेरिकन पत्रकार ख्रिस्तोफर शोल्स आणि त्याच्या साथीदारांनी १८६८ साली टाइपरायटरचं पेटंट घेतलं, तेव्हा न बघता दहा बोटांनी टाइप करणारा माणूस मुळी नव्हताच. तो प्रकार गाजला १८८८ च्या एका स्पर्धेत, फ्रँक मॅकगरिनमुळे. मग वेग कमी करायचा कोणाचा?

जरा बरी दंतकथा अशी: कागदावर अक्षर उमटवणाऱ्या शेजारशेजारच्या दांड्या एकमेकींत अडकू नयेत, म्हणून जोडीने येणारी अक्षरं लांब ठेवली. दांड्या अडकत, हे खरं. पण ‘ई’ आणि ‘आर’ ही इंग्रजीतली अतिपरिचित जोडी कळफलकावर खांद्याला खांदा लावून बसली आहे, तिचं काय करायचं? क्योटो विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी २०११ साली मांडलं, की संदेश उतरवून घेणाऱ्या तारवाल्यांच्या सोयीतून ही रचना टप्प्याटप्प्याने बदलत गेली. मला हे जास्त पटतं. सुरुवातीची मांडणी वर्णक्रमानेच होती. तिचे अवशेष मधल्या ओळीत आजही दिसतात: डी, एफ, जी, एच, जे, के, एल. १८७४ पासून रेमिंग्टनचे टाइपरायटर बाजारात आले, लोकांच्या बोटांना वळण लागलं. १९३६ साली ऑगस्ट ड्वोराकने दुसरी मांडणी आणली, पण तिला फारसं कोणी विचारलं नाही.

प्रश्न: घड्याळाचे काटे उजवीकडेच का फिरतात?

उत्तर: उत्तर गोलार्धात जमिनीवरच्या सूर्यघड्याळाची सावली तशी फिरते, आणि यांत्रिक घड्याळं तिथेच घडली. दक्षिण गोलार्धात ती उलटी फिरते. बस्स, एवढंच.

प्रश्न: इतिहासात दहा दिवस गायब झाले होते, ही थाप आहे का?

उत्तर: थाप नाही. इटली, स्पेन, पोर्तुगाल इथे ४ ऑक्टोबर १५८२ च्या गुरुवारनंतर उजाडला तो थेट १५ ऑक्टोबरचा शुक्रवार. वार मात्र चुकला नाही. आविलाची संत तेरेसा नेमकी त्या रात्री वारली, त्यामुळे चरित्रकारांना तिची तारीख समजावून सांगत बसावं लागतं.

कारण गणिताचं. ज्युलियस सीझरच्या दिनदर्शिकेत वर्ष ३६५ दिवस ६ तासांचं धरलं होतं. खरं वर्ष सुमारे ११ मिनिटांनी लहान. मिनिटं साचत गेली आणि २१ मार्चला धरलेला वसंतसंपात, म्हणजे वसंतातला दिवस-रात्र सारखे असण्याचा दिवस, ११ मार्चवर आला. त्यावर ईस्टरचा हिशेब बसतो, म्हणून पोप तेरावे ग्रेगरी यांनी दिवस गाळले आणि नवा नियम घातला: शतकाच्या वर्षाला ४०० ने भाग गेला तरच लीप वर्ष. म्हणून १९०० लीप नव्हतं, २००० होतं. पोपचं ऐकायचं नाही म्हणून ब्रिटन १७५२ पर्यंत अडून बसलं. तोवर फरक ११ दिवसांचा झाला होता. रशियाने तर १९१८ उजाडू दिलं. तिथली ऑक्टोबर क्रांती आपल्या हिशेबाने नोव्हेंबरात पडते ती त्यामुळेच.

प्रश्न: आधी काडेपेटी की आधी लायटर?

उत्तर: घासून पेटणाऱ्या काडीबद्दल विचारत असाल, तर आधी लायटर. १८२३ साली योहान डोबराइनर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने जस्त आणि गंधकाम्लापासून हायड्रोजन काढून तो प्लॅटिनमवर सोडला आणि ज्योत पेटवली. इंग्लंडमधल्या जॉन वॉकर या औषधविक्रेत्याने घासायच्या काड्या विकायला काढल्या त्या १८२७ साली. त्याने पेटंट घेतलं नाही. इतरांनी तशाच काड्या बनवून खुशाल विकल्या.