लिफ्टला खेद होत नाही

प्रश्न असा आला आहे : ‘रिग्रेटफुली, द मीटिंग इज कॅन्सल्ड’ असं मी मेलमध्ये लिहिलं. साहेबांनी ते खोडून ‘रिग्रेटेब्ली’ केलं. दोन्हींचा अर्थ ‘खेदाने’च ना? मग बिघडलं कुठे? आणि ‘सॅडली’ चाललं असतं का?

साहेबांचं बरोबर आहे. दोन्हींचा अर्थ ‘खेदाने’ नाही. हा घोळ इतक्यांदा वाचावा लागतो की आता चीड येते. आमच्या सोसायटीत लिफ्टच्या दारावर गेले आठ दिवस कागद चिकटवलेला आहे : ‘रिग्रेटफुली, द लिफ्ट इज अंडर रिपेअर.’ चार मजले चढताना मी दररोज तो वाचतो. खेद कोणाला झालाय? लिफ्टला?

‘रिग्रेटफुल’ असतो तो माणूस, ‘रिग्रेटेबल’ असते ती घटना. मराठीत हा फरक आपण झोपेतही चुकत नाही. दवाखान्याच्या बाकावर बसलेले नातेवाईक चिंताग्रस्त असतात, आणि आत पेशंटची प्रकृती चिंताजनक असते. ‘प्रकृती चिंताग्रस्त आहे’ असं आजवर एकाही डॉक्टरच्या तोंडून ऐकलेलं नाही. ‘-फुल’ म्हणजे ज्याच्या मनात ती भावना भरलेली आहे तो, आणि ‘-एबल’ म्हणजे आपल्या दयनीय, शोचनीयमधला ‘-नीय’, त्या भावनेला पात्र असलेली गोष्ट. तेव्हा ‘शी रिग्रेटफुली क्लोज्ड द शॉप’ म्हणजे तिने जड मनाने दुकान बंद केलं, आणि ‘रिग्रेटेब्ली, द शॉप क्लोज्ड’ म्हणजे दुकान बंद पडलं ही खेदाची गोष्ट. पहिल्यात दुकानदारीण हळहळते, दुसऱ्यात वाक्य बोलणारा.

घोटाळा शिरतो कुठून, याबद्दल माझं ठाम मत आहे : नम्र पत्रांतून. ‘आय मस्ट रिग्रेटफुली डिक्लाइन’ हे वाक्य अगदी शुद्ध आहे. नकार देणारा ‘मी’ आहे, खेदही मलाच आहे. कोणीतरी ते क्रियाविशेषण उचलून वाक्याच्या डोक्यावर ठेवलं आणि पुढे स्वल्पविराम दिला. तरीही चाललं, कारण ‘मी’ अजून वाक्यात होता. खेद करणारा मीच आणि खेदाची गोष्ट सांगणाराही मीच, त्यामुळे प्रथमपुरुषात दोन्ही शब्द खपून जातात. नंतर ‘मी’ गेला, त्याच्या जागी मीटिंग आली, लिफ्ट आली, पाणीपुरवठा आला, आणि ‘रिग्रेटफुली’ धन्याविना वाक्याच्या दारात तशीच उभी राहिली.

मेरियम-वेबस्टरचा कोश ‘रिग्रेटफुली’चा ‘खेदाची गोष्ट अशी की’ हाही अर्थ देतो. तो दाखवून माझ्याशी वाद घालणारे भेटतात. मला तो निवाडा मान्य नाही. लोक असं लिहितात हे नोंदवणं कोशाचं काम, पण म्हणून आपणही तसंच लिहावं असं त्यातून निघत नाही. ‘आशेने’ अर्थाचं ‘होपफुली’ही असंच वाक्याच्या डोक्यावर बसलं, हा त्यांचा दाखला तर इथे लागूच पडत नाही. असोसिएटेड प्रेस या अमेरिकी वृत्तसंस्थेच्या स्टाइलबुकने, म्हणजे लेखननियमांच्या पुस्तकाने, २०१२ साली ‘होपफुली’ला ‘अशी आशा आहे की’ या अर्थाने परवानगी दिली, ते योग्यच झालं, कारण त्या अर्थाचा दुसरा सुटसुटीत शब्द इंग्रजीत वापरात नाही. इथे ‘रिग्रेटेब्ली’ हाताशी तयार आहे. एक चांगला फरक असा फुकट घालवायचा कशाला?

असो. मला खरं बोलायचंय ते ‘रिग्रेट’वर.

जुन्या फ्रेंचमध्ये ‘रेग्रेते’ म्हणजे मेलेल्या माणसासाठी विलाप करणं. हळहळ, दिलगिरी, मेलमधला सौजन्याचा खेद हे सगळं फार नंतरचं. मूळ अर्थ ऊर फुटेस्तोवर रडण्याचा. हा शब्द फ्रेंचमध्ये आला कुठून, याबाबत बरेच कोश ‘उगम अनिश्चित, बहुधा जर्मानिक’, म्हणजे जर्मन-इंग्रजी-स्वीडिशच्या कुळातला, एवढं लिहून हात झटकतात. मला तो ‘बहुधा’ खटकतो. स्कॉटलंडमध्ये ‘ग्रीट’ म्हणजे आजही रडणं. तिथे पोर ‘ग्रीटिंग’ करतंय म्हणजे ते कोणाला नमस्कार करत नाही, भोकाड पसरून रडतंय. स्वीडिशमध्ये रडणं म्हणजे ‘ग्रोता’, आइसलँडिकमध्ये ‘ग्राउता’. जुन्या इंग्रजीतही हे क्रियापद होतं, पुढे प्रमाण इंग्रजीने ते टाकून दिलं. फ्रँक ही जर्मानिक बोलणारी टोळी हाच धातू घेऊन गॉलमध्ये, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या मुलखात, उतरली, आणि त्याला लॅटिन ‘रे-’ लागून ‘रेग्रेते’ झालं, असं मी मानतो. लॅटिन उपसर्ग आणि जर्मानिक धातू अशी मोट कशी बांधली जाईल, अशी शंका काढणाऱ्यांनी फ्रेंच ‘रगार्दे’, म्हणजे पाहणं, हा शब्द तपासावा. तिथे ‘रे-’ लॅटिन आहे, ‘गार्दे’ फ्रँकांचं आहे आणि त्याबद्दल कोणाचीच तक्रार नाही. एकाला मुभा आणि दुसऱ्याला शंका, हा कुठला न्याय?

आता शब्दाचं शेपूट बघा. ‘-ली’. जुन्या इंग्रजीत ‘लीच’ म्हणजे देह. ‘अमुकच्या देहाचा, रूपाचा’ या अर्थाने तो शब्दांना जोडला जाऊ लागला आणि झिजत झिजत ‘-ली’ उरला. जर्मनमध्ये त्याच शब्दाचं ‘लाइशे’ झालं, आणि त्याचा अर्थ प्रेत. खुद्द इंग्रजीतही तो एका जागी शाबूत आहे. इंग्लंडमधल्या जुन्या चर्चच्या आवारात शिरताना छप्पर असलेलं एक लाकडी दार लागतं, त्याला ‘लिचगेट’ म्हणतात. खांदेकरी ताटी तिथे टेकवायचे, पाद्री सामोरा यायचा आणि अंत्यविधीची प्रार्थना तिथून सुरू व्हायची. म्हणजे ‘रिग्रेटेब्ली’च्या एका टोकाला मेलेल्यासाठी फोडलेला हंबरडा आहे आणि दुसऱ्या टोकाला देह. हे ध्यानात आलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

फ्रेंचांचं याच्या उलट. त्यांच्या ‘रग्रेताब्लमाँ’मधलं ‘-माँ’ लॅटिन ‘मेन्ते’वरून आलं, म्हणजे ‘मनाने’. खेद तोच, पण इंग्रजाने तो देहाला जोडला आणि फ्रेंचाने मनाला. आपला ‘दिलगीर’ या बाबतीत फ्रेंचांच्या जवळचा. फारसी ‘दिल’ म्हणजे हृदय, आणि ‘गीर’ म्हणजे धरणारा, जग मुठीत धरणाऱ्या जहांगीरमधला तोच. स्टेशनवर ‘गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत’ ऐकू येतं, तेव्हा काळीज मुठीत धरलं गेल्याची गोष्ट बाई सांगत असतात. आणि व्याकरण बघा : दिलगीर ‘आम्ही’ असतो, गाडी नव्हे. लिफ्टवरचा कागद लिहिणाऱ्याने एवढं ऐकलं असतं तरी पुरे होतं.

‘सॅडली’चं राहिलं. चालेल. तो एकच शब्द दोन्ही कामं करतो, फक्त जागा सांभाळावी लागते. ‘ही स्माइल्ड सॅडली’ म्हणजे तो खिन्न हसला. ‘सॅडली, ही स्माइल्ड’ म्हणजे तो हसला हेच वाईट झालं. ‘अनफॉर्च्युनेटली’ म्हणजे सरळ आपलं ‘दुर्दैवाने’, तिथे चुकायला वावच नाही. तुमच्या मीटिंगला तेही चाललं असतं.