पाणी बदलून उपयोग नाही, जोडी वेगळी करा

पाच बंगाई कार्डिनल (खाऱ्या पाण्याच्या टँकमधला छोटा मासा) आणले, दोन गेले, तिसरा फाटलेल्या शेपटीने कोपऱ्यात पृष्ठभागाला चिकटून उभा आणि पाण्याच्या टेस्ट किटमध्ये सगळं व्यवस्थित, हे तुमचं वर्णन वाचून राहवलं नाही. माझ्याकडेही असंच झालं होतं. सायकलिंग (मासे सोडण्याआधी टँकमध्ये उपयोगी जिवाणू वाढू देणं), क्षारता वगैरे तुम्ही केलेलंच दिसतंय, ते सोडतो.

माझ्या बाबतीत खरा घोळ घातला तो विक्रेत्याने. "शांत मासा आहे, पाच-सहाचा थवा सोडा" हा सल्ला त्याचाच. मासे मरायला लागल्यावर मात्र दरवेळी एकच उत्तर: पाणी बदला. वर पाण्यात ओतायची एक बाटली, पुढच्या वेळी दुसरी बाटली, आणि "आमच्याकडे तर छान राहतात". राहणारच! तिथे गर्दीत दाटीवाटीने असतात आणि जोडी जमायच्या आत विकले जातात.

बंगाई दुसऱ्या जातींशी शांत असतो, जातभाईंशी नाही. नर-मादी जमले की एक जागा धरतात आणि बाकीच्यांना पिटाळत राहतात. दिवे मंद झाल्यावर थोडा वेळ बसून बघा. दोघं शेजारी शेजारी तरंगताना दिसले की बाकीचे काढा, जखमी मासा तर आजच. टँकमध्येच लटकवायचा जाळीचा डबा तात्पुरता चालतो.

जोडीतल्या एकाचा जबडा फुगला आणि तो खाईनासा झाला तर औषधं ओतू नका. तो नर आहे, तोंडात अंडी आहेत. अंडी साधारण वीस दिवस आणि नंतर पिल्लंही काही दिवस तोंडातच राहतात.

मी डॉक्टर नाही, पण मासे काळवंडलेत, जोरात श्वास घेतायत, विष्ठा पांढरी दोऱ्यासारखी येतेय असं असेल तर माझं वरचं सगळं बाजूला ठेवा. समुद्रातून पकडलेल्या बंगाईंमध्ये इरिडोव्हायरस हा जीवघेणा विषाणू आढळतो, त्यावर औषध नाही. म्हणून टँकमध्ये पैदास झालेलेच घ्यावेत, या मतावर मी हट्टी आहे. तसाही हा मासा मूळचा इंडोनेशियातल्या बंगाई बेटांच्या आसपासचाच आणि २००७पासून आययूसीएन या निसर्गसंवर्धन संस्थेच्या धोक्यातल्या जातींच्या यादीत आहे.

थवाच हवा असेल तर पजामा कार्डिनल ही याच कुळातली दुसरी जात बघा. थोडी ढकलाढकली होते, पण सहसा जिवावर बेतत नाही. आणि हो, नवीन मासा फ्लेक्सकडे (सुक्या खाद्याच्या पापुद्र्यांकडे) ढुंकूनही बघत नसेल तर आधी जिवंत ब्राइन श्रिंप (कोळंबीसारखे बारीक जीव) द्या, मग हळूहळू त्यात फ्रोझन मायसिस (तसेच गोठवलेले बारीक जीव) मिसळा. संध्याकाळी दिलं तर लवकर तोंड लावतात.