भरत नाट्य मंदिरात कधी काय असतं? बाहेरच्या माणसाला कॉलेजच्या स्पर्धा बघता येतात का?

तुम्ही लिहिलंय की नोकरीसाठी पुण्यात आलात, सदाशिव पेठेत राहता, भरत नाट्य मंदिर या नाट्यगृहावरून रोज जाता, पण आत कधी काय असतं ते कळत नाही. शिवाय कॉलेजच्या स्पर्धांना बाहेरच्यांना सोडतात का, अशी शंका आहे. सोडतात. तिकीट काढायचं आणि बसायचं. मी कॉलेजात असल्यापासून तिथे जाते आणि नोकरी-संसार सुरू झाला तरी ते सुटलेलं नाही, म्हणून जरा सविस्तर सांगते.

एकच मोसम निवडायचा तर पावसाळा निवडा. ऑगस्टमध्ये पुरुषोत्तम करंडकाची प्राथमिक फेरी लागते. महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था १९६३ पासून ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा घेते. पन्नासेक महाविद्यालयं, रोज संध्याकाळी दोन-तीन एकांकिका, असं दोन-अडीच आठवडे चालतं आणि त्यातले नऊ संघ अंतिम फेरीत जातात. जब्बार पटेल, मोहन आगाशे ही मंडळी बी. जे. मेडिकलकडून याच स्पर्धेत उतरली होती. अंतिम फेरीच्या तिकिटांसाठी झुंबड असते. माझं ऐकाल तर प्राथमिक फेरीला जा. पुढे न जाणाऱ्या एकांकिकेतही एखादा प्रवेश असा जमून येतो की घरी आल्यावरही डोक्यातून जात नाही. आणि तो लिहिणारा, करणारा मुलगा किंवा मुलगी अठरा-एकोणीस वर्षांची असते.

सुरुवातीची पंधरा मिनिटं चुकवू नका. पडदा बंद असतो, मागे नेपथ्य लावल्याची ठोकाठोक ऐकू येते, आणि इकडे प्रेक्षागृहात एका कोपऱ्यातून "अरे आवाज कुणाचा?" अशी आरोळी उठते. कॉलेजचं नाव घेत सगळा गट ओरडतो, लगेच दुसऱ्या कोपऱ्यातून दुसरं कॉलेज त्याच्यावर आवाज चढवतं. नवख्या माणसाला हे नाटकाचं थिएटर आहे की मॅचचं मैदान, कळत नाही. पण तिसरी घंटा झाली की हीच मुलं प्रतिस्पर्धी कॉलेजची एकांकिका मान पुढे काढून, एकेक वाक्य टिपत बघतात. इतके जाणकार प्रेक्षक व्यावसायिक नाटकाला क्वचितच मिळतात, असं माझं स्पष्ट मत आहे.

या स्पर्धेत भर असतो लेखन, दिग्दर्शन आणि अभिनयावर. झगमगीत नेपथ्य आणि लाइट्स यांच्या जोरावर इथे कुणी जिंकत नाही. दोन लेव्हल्स (म्हणजे रंगमंचावरचे लाकडी चौथरे), एक खुर्ची, बाकी सगळं नटांनी उभं करायचं. २०२२ मध्ये परीक्षकांनी करंडकाच्या दर्जाची एकही एकांकिका नाही म्हणून तो कुणालाच दिला नाही. खूप वादावादी झाली. मुलांसाठी जीव तुटला, पण निर्णय मला पटला. करंडकाचा दबदबा अशा कडकपणातूनच आला आहे.

नोव्हेंबरात वातावरण बदलतं. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीत 'सीता स्वयंवर' केलं, त्याची आठवण म्हणून ५ तारखेला रंगभूमी दिन असतो. त्याच्या आसपास हौशी कलाकारांच्या राज्य नाट्य स्पर्धेचे प्रयोग सुरू होतात. इथे बँकेतले, शाळेतले, दुकानातले लोक दिवसभराचं काम संपवून तालमी करून आलेले असतात. तिकीट नाममात्र असतं, तरी खुर्च्या रिकाम्या दिसतात, त्याचं फार वाईट वाटतं. तुम्ही नक्की जा.

हिवाळा सरताना फिरोदिया करंडक येतो, हीसुद्धा कॉलेजांचीच स्पर्धा. पुरुषोत्तमच्या अगदी उलट मामला! एकाच विषयाच्या धाग्यात नाटक, गाणं, नाच, चित्र, शिल्प सगळं गुंफायचं. एकीकडे प्रवेश चालू असतो आणि दुसरीकडे एक मुलगी कॅनव्हासवर भराभर हात चालवत असते. प्रयोग संपेपर्यंत चित्र पुरं व्हायलाच हवं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत बालनाट्यं असतात. मुलं असतील तर न्या. मात्र भरत नाट्य मंदिराचा स्वतःचा संगीत नाट्यमहोत्सव जाहीर झाला की बाकीचे बेत बाजूला ठेवा. भरतची मंडळी 'सौभद्र'सारखी नाटकं आजही उभी करतात. ऑर्गन आणि तबला समोर बसून वाजतात, आणि पद रंगलं की "वन्स मोअर" मिळतो. बरेच आजी-आजोबा ओठातल्या ओठात प्रत्येक पद म्हणत असतात. त्यांच्या शेजारची जागा मिळाली तर सोडू नका, मध्यंतरात विचारलंत तर कुठल्या पदाचा राग कोणता, तेही सांगतील.

स्पर्धांच्या तारखा वर्तमानपत्राच्या पुणे पुरवणीत येतात. पुरुषोत्तमचे लॉट्स, म्हणजे कॉलेजांच्या क्रमाच्या चिठ्ठ्या, निघाले की कुठल्या दिवशी कुठलं कॉलेज ते कळतं. गाडी नेऊ नका, पार्किंगला जागा मिळत नाही. पेठेतच राहता तर सरळ चालत जा, आणि ऑगस्टात छत्री विसरू नका.