संपर्काचे नवे साधन नेमके केव्हा जुने होते?

अधिक सरस साधन आले की आधीचे आपोआप जुने होते का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते सहसा तसे होत नाही. आधीच्या साधनाकडची कामे एकेक करून निघून जातात आणि त्याच्याकडे एखादेच काम उरले की लोक त्याला जुने म्हणू लागतात.

तारेचेच पाहा. १८४४ मध्ये सॅम्युअल मोर्स यांनी वॉशिंग्टनहून बाल्टिमोरला तारेने संदेश पाठवला आणि १८७६ मध्ये अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांना टेलिफोनचे पेटंट मिळाले, म्हणजे बत्तीस वर्षांतच तारेला तुल्यबळ प्रतिस्पर्धी भेटला. तरीही अमेरिकेतील वेस्टर्न युनियनने तारसेवा थांबवली ती थेट २००६ मध्ये, कारण फोनवरचे बोलणे विरून जाई, तर तारेचा कागद हातात राही आणि दाखवता येई. याउलट क्लॉद शाप यांच्या मनोऱ्यांची साखळी, जी १७९४ मध्ये पॅरिस ते लील अशी सुरू झाली आणि हलत्या लाकडी बाहूंच्या खुणांनी संदेश पुढे सरकवत असे, ती विजेची तार आल्यावर फार काळ टिकली नाही. रात्री आणि धुक्यात ती आंधळी होती, आणि तिच्यापाशी स्वतःचे असे एकही काम उरले नव्हते.

साधनाचे वय शोधाच्या तारखेवरून मोजणेही फसवे असते. फॅक्सचे मूळ अलेक्झांडर बेन यांच्या १८४३ च्या पेटंटात, म्हणजे टेलिफोनच्याही आधी सापडते. पण कार्यालयांत तो नवलाईचा ठरला तो १९८० च्या दशकात. त्या यंत्रातून निघणारा गुळगुळीत, गुंडाळी होऊ पाहणारा कागद मला चांगला आठवतो. त्यावरची अक्षरे काही काळाने फिकट होत, म्हणून महत्त्वाचा फॅक्स आला की आधी त्याची झेरॉक्स काढून ठेवावी लागे. तरीही सहीचा कागद तत्काळ पोहोचवण्याचे काम त्याने बराच काळ सांभाळले.

एसएमएसची गत तर आपल्या डोळ्यांदेखत झाली. पहिला एसएमएस ३ डिसेंबर १९९२ रोजी गेला. एका संदेशात रोमन लिपीत १६० अक्षरे मावत आणि देवनागरीत जेमतेम ७०, त्यामुळे आपण मराठीही रोमन लिपीत लिहू लागलो (ती सवय अजून अनेकांची सुटलेली नाही). इंटरनेटवरून चालणारी संदेश-अ‍ॅप्स आली आणि गप्पा, शुभेच्छा, फोटो सगळे तिकडे गेले. एसएमएस मात्र बंद पडला नाही, कारण तो साध्या फोनवरही पोहोचतो आणि त्याला इंटरनेट लागत नाही. आज माझ्या फोनवरचा तो कप्पा उघडला, तर ओटीपी आणि बँकेच्या सूचनांची रांग दिसते; माणसाने माणसाला लिहिलेली शेवटची ओळ शोधायला बरेच खाली जावे लागते.