नाव नसलेले लेख

‘दिवसभर लिहिते, पण लेखावर माझं नाव नसतं. नापसंत झाला तर पैसेही मिळत नाहीत. मला लिहिताच येत नाही का?’ घरबसल्या वेबसाइटांसाठी लेख लिहून देणाऱ्या मुली-सुना हा प्रश्न घेऊन माझ्याकडे वरचेवर येतात. त्यातल्या एकीची, इंदूरच्या लोकमान्य नगरातली हकीकत तिच्या परवानगीने, ओळख पटणार नाही अशा बेताने सांगते.

वय 34, इंग्रजीत एम.ए. मुलगी शाळेत गेली की लॅपटॉप उघडायचा आणि एका साइटवर पडलेली कामं उचलायची. 500 शब्दांचे 100 रुपये. काम देणारा कोण, लेख जातो कुठे, काही पत्ता नाही. “ताई, मागच्या आठवड्यात अंगणातला बर्फ उपसायच्या यंत्रावर लिहिलं. मी बर्फ पाहिलाय तो गोळेवाल्याकडे.” हसता हसता तिचे डोळे भरले. सासूबाईंनी विचारलं होतं, “अगं, लोकांनी विचारलं सून काय करते, तर काय सांगू?” तो तिला टोमणा वाटला होता.

‘तू छान लिहितेस’ असं मी म्हटलं नाही. तिचे लेख मी वाचलेच नव्हते, आणि अशी खोटी समजूत दोन दिवससुद्धा टिकत नाही. मी तिला वही करायला सांगितली. किती वेळ लागला, किती पैसे आले, नापसंत झाला तर कारण काय दिलं, एवढंच लिहायचं. महिन्याभरात 11 लेख नापसंत झाले होते. त्यातल्या 9 लेखांना कारणच दिलेलं नव्हतं. उरलेल्या दोन लेखांना एकच कारण होतं, सुरुवात पाल्हाळिक. तेवढं तिने सुधारलं. त्या 9 लेखांचं ओझं मात्र तिचं नव्हतंच, हे आकडे समोर आल्यावरच तिला पटलं.

मग मी तिला एक जुनी गोष्ट सांगितली. 1770 मध्ये व्हिएन्नाच्या दरबारात केंपेलेन नावाच्या माणसाने बुद्धिबळ खेळणारं यंत्र दाखवलं. लोक थक्क झाले. पण आत पेटीत खेळाडू दडवलेला असायचा. 2005 मध्ये अ‍ॅमेझॉनने इंटरनेटवरून अनेकांकडून सुटीसुटी कामं करून घेण्याची सेवा काढली, तिला याच यंत्राचं नाव दिलं, ‘मेकॅनिकल टर्क’. ती बराच वेळ गप्प बसली. म्हणाली, “म्हणजे मी पेटीतली.” मला वाटतं, त्या दिवशी खरी सुटका झाली. आपण दिसत नाही याचं कारण आपल्या लिखाणात नाही, काम ज्या तऱ्हेने वाटलं जातं त्यात आहे, हे तिचं तिलाच उमगलं.

नोंदणी करताना न वाचता ‘मान्य’ म्हटलेल्या अटी आम्ही शेजारी बसून वाचल्या. लेखाचा हक्क पैसे चुकते झाल्यावरच समोरच्याकडे जाईल, असं त्यात होतं. 1957 च्या कॉपीराइट कायद्यातही नोकरीत नसलेल्या लेखकाचा हक्क मुळात त्याचाच असतो, आणि तो दुसऱ्याला द्यायचा तर लेखी लागतं. नापसंत ठरवलेल्या लेखांपैकी 3 इंटरनेटवर जसेच्या तसे सापडले. तिने तक्रार केली. दोन लेखांचे पैसे आले, तिसऱ्याबद्दल उत्तर अजून नाही.

आणखी एक काम मी तिला दिलं होतं: रोज एक लेख घरातल्या कुणाला तरी मराठीत सांगायचा. आपण लिहिलेल्यावर आजवर कुणी काही विचारलंच नाही, हीच तिची सगळ्यात मोठी सल होती. नवऱ्याने दोन दिवस ऐकलं. मग तिने भाजी निवडता निवडता सासूबाईंना ते बर्फाचं यंत्र सांगितलं. त्यांनी मेथीची जुडी खाली ठेवली आणि विचारलं,

“मग उपसलेला एवढा बर्फ ते लोक टाकतात कुठे?”

तिला ठाऊक नव्हतं. ती उठून लॅपटॉपकडे गेली.