वाचक विचारतात: काका, बॉसला नाही म्हणायला छाती लागते का?

या वेळी पत्रं बरीच आलीत, त्यातली दोनच घेतोय. एक भोसरीचं, एक पेठेतलं. दोघांनीही नाव छापू नका म्हणलंय, त्यामुळे छापत नाही.

प्रश्न: काका नमस्कार. मी भोसरीत एका प्रेस शॉपमध्ये शिफ्ट सुपरवायझर आहे, वय 34, हाताखाली 22 माणसं. आमच्याकडे एक जुना पॉवर प्रेस, म्हणजे पत्रा दाबून कापायचं मशीन, आहे त्याला दोन हातांची दोन बटणं आहेत, दोन्ही एकदम दाबली की मगच स्ट्रोक पडतो. महिना झाला डावं बटण टेप लावून कायमचं दाबून ठेवलंय, कारण मग एक हात मोकळा राहतो आणि तासाला जास्त पीस निघतात. साहेबांना म्हणलं तर ते म्हणाले महिनाअखेर जाऊ दे मग बघू. आणि रोज शिफ्ट सुरू होताना चेकलिस्टवर ‘सेफ्टी ओके’ची सही मीच करतो. बायको म्हणते उगाच हिरो बनू नका, फ्लॅटचे हप्ते चालू आहेत. ट्रेनिंगला बोलावतात तिथे सांगतात लीडरकडे करेज पाहिजे, पण मी मुळातच भित्रा, माझा आवाजसुद्धा चढत नाही. मग मी या पोस्टच्या लायकीचा नाही का?

उत्तर: काका म्हणालास म्हणून अरेतुरे करतो, चालेल ना. पहिलं म्हणजे टेप काढ. तुझं पत्र मिळालं त्याच दिवशी तुला हे मेलवर कळवलंय, कारण अंक छापून हातात पडेपर्यंत थांबण्यासारखी ही गोष्ट नाही. आता बाकीचं निवांत बोलू.

मी तीस वर्षं कंपन्यांमध्ये पर्सनलला, म्हणजे कामगारांचं बघणाऱ्या खात्यात, काढली. सुरुवातीच्या काळात, कंपनीचं नाव राहू दे, हीच टेप मी बघितली होती. अगदी हीच, काळी, इलेक्ट्रिशियनची. शॉपमधनं कँटीनकडे जाताना दिसली, मनात आलं की हे बरोबर नाही, आणि पुढे गेलो कारण म्हणलं हा प्रॉडक्शनचा विषय आहे आपण कशाला नाक खुपसा. नऊ दिवसांनी एका कॉन्ट्रॅक्टच्या पोराची दोन बोटं गेली. मी पोचलो तेव्हा त्याला गाडीत घालून नेलं होतं, प्रेसपाशी हातमोजा पडला होता आणि कुणी तो उचलायला तयार नव्हतं, का ते तुला सांगायला नको. पण मला रात्री जाग येते ती त्या हातमोज्याने नाही. नंतर अपघाताचा फॉर्म भरायचा होता, त्यात कारणाचा रकाना होता, आणि वरून निरोप आला की ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ लिहा. मी लिहिलं. खाली सही केली, चांगली वळणदार.

आणि गंमत बघ, तेव्हाचे आमचे साहेब म्हणजे वाघ माणूस अशी ख्याती होती, शॉपमध्ये पाऊल टाकलं की माणसं चहाचे कप लपवायची, पण हेड ऑफिसचा फोन आला की केबिनमध्ये एकटे असले तरी खुर्चीतनं उभे राहून बोलायचे, काचेतनं दिसायचं ना आम्हाला. त्यामुळे आवाज चढत नाही म्हणून स्वतःला भित्रा ठरवू नकोस. खाली ओरडायला काही लागत नाही, ते कुणालाही जमतं.

तुझ्या सहीवरनं एक माणूस आठवला. अमेरिकेचं चॅलेंजर यान 28 जानेवारी 1986 ला उडालं आणि 73 सेकंदांत फुटलं, सातही जण गेले, हे तुला माहिती असेल. आदल्या रात्री काय झालं ते जास्त बघण्यासारखं आहे. बूस्टर बनवणाऱ्या थायोकोल कंपनीचे इंजिनिअर नासाला फोनवर सांगत होते की उद्या फार थंडी आहे, जोडांमधल्या रबरी रिंगा थंडीत कडक होतात, 12 अंश सेल्सियसच्या खाली उडवू नका. नासाला ते आवडलं नाही. मग कंपनीच्या मोठ्या साहेबाने स्वतःच्याच इंजिनिअरिंगच्या प्रमुखाला सांगितलं की आता इंजिनिअरची टोपी काढ आणि मॅनेजरची घाल, आणि त्याने खरंच घातली! पण कंपनीचा ॲलन मॅकडोनाल्ड नावाचा माणूस तिकडे फ्लोरिडात लाँचच्या जागी बसला होता, उड्डाणाला हरकत नाही असा कागद त्याने द्यायचा होता, तो म्हणाला मी सही करणार नाही. शेवटी कागद कंपनीच्या युटा राज्यातल्या ऑफिसातनं दुसऱ्याच्या सहीने फॅक्सवर आला. म्हणजे त्याच्या नकाराने यान थांबलं नाही, हे मी तुझ्यापासून लपवत नाही. पुढे चौकशीत तो खरं बोलला म्हणून कंपनीने त्याला खाली ढकललं, अमेरिकेच्या संसदेत त्यावरून आरडाओरडा झाला, आणि मग तेच बूस्टर नव्याने डिझाइन करायचं काम त्याच्याकडेच आलं.

तेवढ्या लांब कशाला, आपल्याकडे शनिवारवाडा आहेच. 30 ऑगस्ट 1773 ला नारायणरावांचा खून झाला, ‘काका मला वाचवा’ पोराटोरांना पाठ आहे, पण त्यानंतर रामशास्त्री प्रभुण्यांनी राघोबादादांना तोंडावर दोषी ठरवलं आणि पद सोडून चालू लागले त्यात मला एक गोष्ट नेहमी थक्क करते. ते बंडखोर नव्हते रे, सरकारी नोकरच होते, पेशव्यांचाच पगार खात होते. राघोबांचा जम मोडला, बारभाई आले, तेव्हा परतही आले. (आता तू राजीनामा टाकून येऊ नकोस, बायको माझ्या नावाने खडे फोडेल.)

हप्त्यांचं म्हणशील तर बायकोचं काही चुकत नाही. कदाचित तुला वाईट शिफ्ट देतील, इन्क्रीमेंटला कात्री लागेल, ते होणारच नाही असं मी सांगितलं तर खोटं होईल. म्हणून हुशारीने कर. साहेबांशी चारचौघांत भिडू नकोस, तिथे त्यांना मागे सरकता येत नाही. आधी त्या ऑपरेटरला बाजूला घेऊन सांग की पीस कमी पडले तर मी बघतो. मग मेंटेनन्सला लेखी दे की अमुक नंबरच्या प्रेसचं डावं बटण टेप लावून बायपास केलंय. साहेबांकडे जाताना आकडा घेऊन जा, दोन्ही हातांनी चालवला तर तासाला किती पीस पडतील, डिस्पॅचला किती खोट येईल, ती भरून काढायला रविवारी अर्धी शिफ्ट लावायची की दुसऱ्या प्रेसवर डाय चढवायचा. साहेब भांडायला तयार असतात, हिशोब समोर ठेवला की जरा गडबडतात. आणि बटण नीट होईपर्यंत चेकलिस्टवर ‘ओके’ लिहू नकोस, जे आहे ते लिही आणि त्याखाली सही कर. हात थरथरला तर थरथरू दे, कागदावर ते कुणाला कळत नाही.

प्रश्न: सर, मी पेठेतल्या एका गणेश मंडळाचा यंदा अध्यक्ष झालोय. पोरांना विसर्जनाला स्पीकरची भिंत आणि लेझर पाहिजे. गल्लीत एक आजोबा बायपास झालेले आहेत, एका घरात दोन महिन्यांचं बाळ आहे. मी नको म्हणलं तर पोरं म्हणतात अध्यक्ष बदलू. मतदान घेऊन टाकू का, म्हणजे वाईटपणा येणार नाही?

उत्तर: वाईटपणा येऊ नये म्हणून मतदान घेणार असाल तर घेऊ नका. मत पडणार भिंतीला, आणि तुम्ही आजोबांच्या मुलाला सांगणार की पोरांनीच ठरवलं हो. परवानगीच्या अर्जावर पोरांची सही नसते, तुमची असते. नियम तुम्हाला ठाऊक असतीलच, 2000 सालापासनं आहेत, राहत्या वस्तीत दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल, रात्री दहा ते सकाळी सहा स्पीकर बंद, सरकारने सूट दिली तरी ती वर्षात जास्तीत जास्त 15 दिवस आणि फक्त रात्री बारापर्यंत. भिंत लावल्यावर 55 डेसिबल, हे मी लिहितानाच हसतोय.

पुण्यात न पटणारं बोललं की काय होतं त्याला आगरकर साक्षी आहेत, लोकांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली होती. पण त्यांना मंडळ चालवायचं नव्हतं, तुम्हाला याच पोरांकडनं मांडव घालून घ्यायचाय. त्यामुळे भाषण देऊ नका. जे दोघं सगळ्यात जास्त आवाज करतायत त्यांना घेऊन त्या बाळाच्या घरी चहाला जा, रस्त्याकडच्या खोलीत बसा, खिडकी मांडवापासनं किती फुटांवर आहे ते त्यांनाच मोजू द्या. भिंतीचे पैसे ढोल-ताशा पथकाला द्यायचे की आणखी कशाला ते पोरांना ठरवू द्या, तिथे खुशाल मतदान घ्या. पथकही काही कुजबुजत नाही म्हणा, पण ते पुढे जातं, गल्लीत तासन्तास उभं राहत नाही.

आणि हे सगळं पावतीपुस्तक छापायच्या आधी सांगा. वर्गणी गोळा झाल्यावर सांगितलंत तर पोरं म्हणणार अध्यक्षांनी फसवलं, आणि मग मीही त्यांच्याच बाजूने असेन.