वाचन सुटत नाही आणि घराला पैसेही हवेत: बी.एड. करू की थिऑलॉजी?

प्रश्न: सलाम मॅडम. मी 28 वर्षांची आहे. माहेर श्रीरामपूरकडचं, आता पिंपरीत राहते. मराठी घेऊन बी.ए. झाले आणि लगेच लग्न झालं. मुलगा पाच वर्षांचा, मुलगी दोनची. मिस्टर चाकणला कंपनीत आहेत, तीन पाळ्यांत काम असतं. सासूबाई आमच्याजवळच असतात, त्यांना ना. वा. टिळकांची ख्रिस्ती भजनं तोंडपाठ आहेत. मुलं झोपली की मी वाचते. पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, रोजचंच, त्याशिवाय लक्ष्मीबाई टिळक, पंडिता रमाबाई आणि मोबाईलवर ख्रिस्ती आयांसाठीची इंग्रजी पुस्तकं. चर्चमध्ये लहान मुलांचं संडे स्कूल घेते. धडे इंग्रजीत येतात, मुलं इंग्रजी माध्यमाची असली तरी घरी मराठीच बोलतात, म्हणून मी गोष्ट मराठीत करून वहीत लिहिते आणि सांगते. शास्त्रातला योना माशाच्या पोटात तीन दिवस काय जेवला, असं एकाने विचारलं, तेव्हा सगळा धडाच नव्याने लिहिला. मिस्टर म्हणतात बी.एड. कर. चर्चचे पाळकसाहेब म्हणतात थिऑलॉजी, म्हणजे ख्रिस्ती धर्मशास्त्र, शिक. सासूबाई म्हणतात, वाचून घर चालत नाही. या वाचनाचं काही करिअर होईल का?

उत्तर: ताई, सलाम.

पत्रात तुम्ही पुस्तकांबद्दल जीव तोडून लिहिलंय आणि वहीचा उल्लेख ओघात आलाय. मी मात्र वहीवरच थांबले. इंग्रजीतला धडा वाचायचा, त्यातलं पिंपरीच्या सहा वर्षांच्या मुलाला काय कळेल ते ओळखायचं, नको ते गाळायचं, राहिलेलं तोंडाने सांगता येईल अशा मराठीत उतरवायचं आणि मुलाने अडवलं तर पुन्हा लिहायचं, हे काम तुम्ही दर आठवड्याला करताय. बी.ए.च्या मार्कशीटवर ते दिसत नाही. पण शिक्षिकेचं निम्मं कसब हेच असतं, आणि ते तुमच्या हातात रात्रीच्या वाचनातून आलंय. म्हणून वाचन सोडायचा विचार आधी मनातून काढा.

आता माझं मत सरळ सांगते. मिस्टरांचं म्हणणं बरोबर आहे: बी.एड. करा. मात्र यंदा नको, मुलगी शाळेत जायला लागल्यावर. तुमच्यासारखी मराठीची शिक्षिका तुमच्याच भागात कुठे लागेल, तेही सांगते. 2020 च्या कायद्याने महाराष्ट्रातल्या सर्व शाळांना, मग बोर्ड कोणतंही असो, मराठी शिकवणं बंधनकारक झालं. पिंपरी-चिंचवडमध्ये इंग्रजी माध्यमाच्या शाळा भरपूर आहेत. तिथल्या मुलांना मराठी बोलता येतं, पण धडा वाचायला दिला की ती अडखळतात. शुद्ध पुस्तकी मराठीत व्याकरण सांगणाऱ्या बाईंपुढे ती कंटाळतात. त्यांच्या बोलीतून त्यांना लेखी मराठीकडे नेणारं माणूस तिथे हवं असतं. तुमच्या संडे स्कूलमधली मुलं याच शाळांतली आहेत ना?

बी.एड.बद्दल तीन गोष्टी नीट ऐका. पहिली, हा पदवीनंतरचा दोन वर्षांचा पूर्णवेळ अभ्यासक्रम आहे, हजेरी लागते, शाळेत प्रत्यक्ष शिकवण्याचे महिने असतात. ‘घरबसल्या बी.एड.’ अशा जाहिराती तुमच्या मोबाईलवरही येत असतील. दूरस्थ बी.एड. आहे, पण ते आधीच शिक्षक-प्रशिक्षण झालेल्यांसाठी. तुम्ही त्यात बसत नाही, तेव्हा अशा कुणालाही पैसे देऊ नका. दुसरी, ऑगस्ट 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की पहिली ते पाचवीच्या शिक्षकपदासाठी बी.एड. ही पात्रता धरता येणार नाही, तिथे डी.एल.एड. लागतं, म्हणजे पूर्वीचं डी.एड. बी.एड. करून तुम्ही सहावीपासून पुढच्या वर्गांना शिकवाल, आणि सहावी ते आठवीसाठी टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा, दुसरा पेपर द्यावा लागेल. तिसरी, प्रवेशाआधी सीईटी, म्हणजे प्रवेश परीक्षा, असते. त्यात बुद्धिमापन, सामान्यज्ञान आणि शिक्षक म्हणून कल किती, असे प्रश्न येतात. बी.ए.चे गुण खुल्या गटासाठी किमान 50 टक्के हवेत. तुमचे किती आहेत ते पत्रात नाही, आधी ते बघा. शिक्षक-शिक्षणाच्या नियमांत बदल येऊ घातले आहेत, म्हणून अर्जाच्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचा, ऐकीव माहितीवर जाऊ नका.

यातल्या दुसऱ्या गोष्टीवर तुम्हाला विचार करावा लागेल. आज तुम्ही लहान मुलांत रमलेल्या आहात. अकरा-बारा वर्षांची मुलं वेगळी असतात. ती प्रश्न विचारत नाहीत, नुसती बघत राहतात. ती तुम्हाला झेपतात का, आवडतात का, हे आत्ताच तपासता येईल. संडे स्कूलच्या शिक्षकांना सांगून तीन महिन्यांसाठी मोठ्या मुलांचा वर्ग मागून घ्या. मन तिथे लागलं तर बी.एड. पक्कं. नाही लागलं आणि जीव लहानांकडेच ओढला, तर डी.एल.एड. करा, त्यात कमीपणा मुळीच नाही. मात्र खासगी शाळांत लहान वर्गांचे पगार बरेचदा फार तुटपुंजे असतात आणि सरकारी भरती नियमित होत नाही, हे घरात आधीच बोलून ठेवा.

पाळकसाहेबांच्या सल्ल्यामागे माया आहे, आणि तुमचा वकूब त्यांनी ओळखलाय. पुण्यात शिक्षणाची सोयही आहे. बिबवेवाडीला युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे, शिवाय युनायटेड थिऑलॉजिकल सेमिनरी आहे. पण बी.डी., म्हणजे थिऑलॉजीची पदवी, हे काही वर्षांचं पूर्णवेळ शिक्षण, त्याला बहुधा आपल्या चर्चच्या मंडळीची किंवा डायोसिसची, म्हणजे बिशपच्या प्रांताची, शिफारस लागते, आणि त्यानंतरची वाट पाळकीय सेवेकडे जाते. त्या सेवेचं बोलावणं तुम्हाला वाटतंय, असं पत्रात कुठेही नाही. तुम्हाला शास्त्र जास्त समजून घ्यायचं आहे, एवढंच दिसतं. त्यासाठी बंगालमधल्या श्रीरामपूरच्या सिनेटचे, म्हणजे 1818 साली मिशनरी विल्यम कॅरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरू केलेल्या कॉलेजशी जोडलेल्या विद्यापीठाचे, बाहेरून करता येणारे ख्रिस्ती अध्ययनाचे अभ्यासक्रम आहेत. पुण्यातल्या सेमिनरीत चौकशी केलीत तर सध्याचे नियम कळतील. बी.एड. झाल्यावर, दोन्ही मुलं शाळेत रुळल्यावर ते घ्या. घराच्या मिळकतीसाठी मात्र ते धरू नका.

तुम्ही रमाबाई वाचताय म्हणून सांगते. आसामातल्या सिल्चरच्या घरी त्यांना बायबलमधलं लूककृत शुभवर्तमान बंगालीत हाती लागलं आणि त्या वाचत गेल्या. मुलगी मनोरमा 1881 मध्ये झाली, पुढच्याच वर्षी पती गेले. 1883 मध्ये दोन वर्षांच्या मुलीला घेऊन त्या इंग्लंडला गेल्या, तिथे बाप्तिस्मा घेतला, आणि पुढे चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात संस्कृत शिकवू लागल्या. ओढ शास्त्राची होती, चरितार्थ संस्कृतवर चालला. शास्त्राचं मराठी भाषांतर त्यांनी हातात घेतलं ते खूप नंतर, केडगावला, आणि 1922 मध्ये जाईपर्यंत त्या त्यातच होत्या. साध्या बायकांना कळेल अशा मराठीसाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, आणि त्यांच्या केडगावच्या मुक्ती मिशनमधल्या बायकांनीच त्याच्या छपाईचे खिळे जुळवले. भाषा पोटापाण्याला आणि श्रद्धेचं वाचन आपल्या गतीने, ही विभागणी मला तुमच्यासाठी योग्य वाटते. वाचनावर कमावण्याचं ओझं पडलं की आपण विकलं जाईल तेच वाचू लागतो. एक गोष्ट मात्र रमाबाईंकडून घेऊ नका. शिक्षणापायी मनोरमेला बराच काळ इंग्लंडमधल्या वाँटेजच्या सिस्टर्सजवळ, म्हणजे ख्रिस्ती जोगिणींजवळ, ठेवावं लागलं. त्यांचा तो काळ आणि तो नाइलाज होता, तुमच्यावर तशी वेळ नाही. म्हणूनच मुलगी तीन-साडेतीनची होईस्तोवर थांबा म्हणतेय.

तोवर वहीचं काम करा. बारा गोष्टी निवडा, मोबाईलवर युनिकोडमध्ये टाइप करा, मोठ्याने वाचून दुरुस्त करा. हा तुमचा नमुना-संच. बालसाहित्याचे प्रकाशक, गोष्टी ध्वनिमुद्रित करणाऱ्या संस्था, भाषांतराची कामं देणाऱ्या कंपन्या, सगळे आधी नमुनाच मागतात. हल्ली मशीनने केलेलं भाषांतर तपासून माणसाचं करण्याचं कामही मिळतं, आणि त्याला तुमच्यासारखाच कान लागतो. मोबदला शब्दावर की पानावर आणि पैसे किती दिवसांत, हे लिहून घेतल्याशिवाय सुरू करू नका. काम देण्याआधी कुणी नोंदणीची रक्कम मागितली तर फोन ठेवून द्या. ख्रिस्ती प्रकाशनांत पैसे थोडेच मिळतात. तिथे लिहाल ते सेवा म्हणून लिहा आणि मिळकतीची आशा दुसरीकडे ठेवा.

हक्कांचंही सांगते, कारण तुम्ही ती इंग्रजी पुस्तकं मराठीत करायला घ्याल असं मला वाटतंय. प्रकाशकाच्या लेखी परवानगीशिवाय त्यातला एक धडाही छापू नका, मंडळीच्या पत्रिकेतसुद्धा नाही. संडे स्कूलच्या धड्यांचंही तसंच. वर्गात सांगणं वेगळं, छापणं वेगळं. म्हणून त्या बारा गोष्टी थेट शास्त्रावरून, स्वतःच्या शब्दांत लिहा. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं हक्क राहतात. रमाबाई 1922 मध्ये गेल्या, ना. वा. टिळक 1919 मध्ये, लक्ष्मीबाई 1936 मध्ये. त्यांच्या मूळ लेखनावर आज कुणाची परवानगी लागत नाही. नव्या आवृत्त्यांतल्या प्रस्तावना आणि टिपा तेवढ्या टाळा. लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रां’मधले प्रसंग आठ-दहा वर्षांच्या मुलांसाठी सोपे करून लिहिलेत, तर माझ्या मते ते चर्चच्या बाहेरच्या मुलांनाही आवडेल. ती बाई लग्नानंतर अक्षर शिकली आणि मराठीतलं इतकं जिवंत आत्मचरित्र लिहून गेली, हे मुलांना कळायला हवं.

त्या इंग्रजी पुस्तकांबद्दल आणखी एक. त्यातली आई पहाटे उठून वेगळ्या खोलीत तासभर शांत बसते, शास्त्र वाचते, वहीत प्रार्थना लिहिते. तुमच्या घरी पहाटे पाणी भरायचं असतं, डबा करायचा असतो, आणि पहिली पाळी असली की मिस्टर उजाडायच्या आत निघतात. तसं जमत नाही म्हणून आपण आई म्हणून किंवा ख्रिस्ती म्हणून कमी पडतोय, असं मनात आणू नका. त्या बायकांचं घर वेगळं, दिवस वेगळा. पाळीचं वेळापत्रक, एकत्र घर आणि रात्रीची कौटुंबिक प्रार्थना यांत मुलं वाढवणाऱ्या आजच्या मराठी ख्रिस्ती आईने लिहिलेलं माझ्या वाचनात फार थोडं आलंय. तुम्ही लिहा. आधी कुणाला दाखवू नका हवं तर, पण लिहा.

अभ्यासाची वेळ मिस्टरांच्या पाळीवरून ठरवा. त्यांची दुसरी पाळी असते तेव्हा सकाळी ते घरी असतात. त्या आठवड्यात सकाळचे दोन तास मुलं त्यांच्याकडे आणि तुम्ही सीईटीच्या पुस्तकाशी. रात्रपाळीच्या आठवड्यात ते दिवसा झोपणार, तेव्हा अभ्यासाची अपेक्षा कमी ठेवा, मुलांना शांत ठेवण्यातच दिवस जातो. नाताळच्या महिन्यात काही होणार नाही, तो सोडूनच वर्षाचा हिशोब करा. रात्रीचं वाचन मात्र अभ्यासाला देऊ नका, ते आहे तसंच राहू दे.

सासूबाईंचं वाक्य तुम्हाला लागलेलं दिसतंय. मला त्यात काळजी ऐकू येते. बी.एड.ची दोन वर्षं मुलं मुख्यतः त्यांच्यावर असणार, तेव्हा हा निर्णय त्यांना कळवण्यापुरता ठेवू नका, त्यांच्याबरोबर बसून घ्या. किती वाजता जाणार, किती वाजता येणार, त्यांच्या गुडघ्यांना झेपेल का, धाकटीसाठी अर्ध्या दिवसाचं पाळणाघर लागेल का, सगळं पैशांसकट बोला. आणि ज्यांना टिळकांची भजनं पाठ आहेत, त्यांना तुमच्या बारा गोष्टी वाचून दाखवा. कुठला शब्द खटकतो, ते त्या लगेच सांगतील.

कागदपत्रं आत्ताच काढून ठेवा: बी.ए.च्या सहाही सत्रांच्या मार्कशीट, शाळा सोडल्याचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, लग्नानंतर नाव बदललं असेल तर राजपत्राची प्रत. ख्रिस्ती अल्पसंख्याक संस्थांच्या महाविद्यालयांत अल्पसंख्याकांसाठी जागा राखीव असतात, त्यासाठी दाखल्यावर धर्माची नोंद नीट आहे का ते तपासा. माहेरच्या शाळेत दुरुस्तीला महिने लागतात, म्हणून पुढच्या वेळी श्रीरामपूरला जाल तेव्हाच हे काम उरका. मोठ्या मुलांचा वर्ग तीन महिने घेऊन झाला की, बी.ए.च्या टक्केवारीसह मला पुन्हा लिहा. मग तुमच्या घरापासून एका बसच्या अंतरावर कोणती महाविद्यालयं आहेत, ते आपण बघू.